सुवाच्य अक्षरातली माझी चूक

माझ्यामुळे आत्याची केमो तीन आठवडे लांबली.

हे मी आजवर कुठं लिहिलं नव्हतं. आज तिला जाऊन एक वर्ष झालं. तिच्याबद्दल फक्त चांगलं लिहिलं असतं तर तीच म्हणाली असती, "अर्धंच काहून लिवलं व?"

सुमनआत्या. बाबांची मोठी बहीण. सातवी पास. नवरा गेल्यावर घाटंजीला आमच्याकडे आली ती कायमची.

शाळेत नाव घालायच्या आधी माझी शाळा तीच. खताच्या पोत्यावरची अक्षरं, एसटीची पाटी, बियाण्याच्या पाकिटामागच्या बारीक सूचना, सगळं वाचायला लावायची. मग वहीत उतरवायला.

घरात पद्धतच पडली. गाड्यांचे टाइम, लसीच्या तारखा, पेरणी कधी केली, सगळं वहीत. एकदा वहीत उतरलं की ते पक्कं. त्यावर वाद नाही.

ज्या वर्षी बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच वर्षी आत्याच्या छातीत गाठ निघाली.

नागपूरला केमो सुरू झाली. डॉक्टरांसमोर पाच मिनिटं मिळाली. मी इतकी घाबरलेली की अर्धं ऐकलं, अर्धं राहिलं. राहिलेलं शोधायला घरी येऊन मोबाइल घेऊन बसले.

पांढरा कोट घातलेला एक माणूस फार खात्रीनं सांगत होता. गोड बंद, दूध बंद, अंडी बंद, की गाठ उपाशी मरते.

तो खरंच डॉक्टर होता का, मी पाहिलं नाही.

आणखी दोन व्हिडिओंत तेच सापडलं, म्हणून मला खरं वाटलं. तिघांनी एकमेकांचंच उचललं असेल हे सुचलंच नाही.

आणि मी ते वहीत उतरवलं. लाल पेननं मथळा, खाली पट्टीनं रेघ.

मोबाइलवर दाखवलं असतं तर आत्यानं ऐकलं नसतं. व्हॉट्सअॅपवरच्या उपायांना ती हसायची. "तसलंच वाचून तुह्या बापानं फवारा मारला. अळी मेली का?"

पण हे तर वहीत होतं. माझ्या अक्षरात.

तिनं चहातली साखर सोडली. दूध, गूळ, अंडी, सगळं सोडलं. वर मी रोज तपासायची, "आत्या, चुकून काही खाल्लं नाही ना?"

दुसऱ्या केमोला गेलो तेव्हा वजन उतरलेलं, रक्त कमी. डॉक्टर म्हणाले, आज देता येणार नाही.

सिस्टरनं विचारलं, "मावशी, खाता काय?"

"जे वहीत हाये ते." आत्यानं पिशवीतून वही काढून दिली.

सिस्टरनं पान वाचलं. "ये किसने लिखा? अक्षर तर एकदम बढिया!" मग माझ्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "पण बेटा, हे खरं नाही. केमो झेलायला अंगात ताकद लागते. यांना अंडी द्या, दूध द्या, डाळ द्या."

मी तिथंच बाकावर रडायला लागले.

"काहून रडून राह्यली? मी मेली का?" आत्या म्हणाली. "पेन काढ. सिस्टर सांगते ते उतरव. आधीचं खोड, पण पान फाडू नको. चुकलं ते दिसलं पाह्यजे."

घरी आल्यावर दुसरं संकट. शेजारच्या शांताकाकूंनी तेच पान काकांसाठी उतरवून नेलं होतं. काकांना तोंडाचा कॅन्सर.

आत्याला धड चालवत नव्हतं. तरी माझा हात धरून गेली आणि दारातच म्हणाली, "सांग तूच."

मी सांगितलं. मी चुकीचं लिहिलं होतं.

"अव माय!" काकू म्हणाल्या. "अन् मी तुह्या काकाचं दूध बंद केलं नं! चार दिवस झाले, माह्याशी बोलून नाई राह्यले!"

आत्या इतकी हसली की तिला खाटेवर बसावं लागलं.

तीन आठवड्यांनी केमो झाली. पण ते तीन आठवडे माझ्या मनातून जाईनात. आत्याला कळलं. पुढच्या खेपेला म्हणाली, "मनात ठेवू नको. विचार डॉक्टरले. माह्यासमोर विचार."

मी विचारलं, या उशिरानं आत्याचं नुकसान झालं का?

डॉक्टर म्हणाले, "खात्रीनं नाही सांगता येणार. पुढचे डोस वेळेवर होतील एवढं बघू."

बाहेर आल्यावर आत्या खूश. "हा डॉक्टर पटला मले. नाई माहीत तं नाई म्हणते."

पुढची एकही केमो चुकली नाही. अडीच वर्षं मिळाली तिला. बाबा नको म्हणत असताना एका हंगामात वेचणीलाही जाऊन आली.

त्या सिस्टरचं नाव मी विचारलंच नाही. आभार मानायचे राहिले, ते इथं मानते.

मग गाठ परत आली, यकृतापर्यंत गेली. आता त्रास कमी ठेवायचा, एवढंच हाती आहे, असं डॉक्टरांनी तिलाच समजावून सांगितलं.

घरी आल्यावर मी पुन्हा मोबाइल हातात घेतला. काहीतरी असेल कुठंतरी.

"ठेव ते," आत्या म्हणाली. "मले समजलं हाये सगळं. आता शोधू नको. बस इथं."

मी बसले.

आत्या, भरल्या मनानं तुला अभिवादन. जय भीम.