कानातलं मशीन

समाजशास्त्रात एम.ए. झाल्यावर काही महिने मी घरीच होते. औरंगाबादला गारखेड्यात दोन खोल्यांचं घर, वडील कोर्टात कारकून आणि आईचं एकच पालुपद, की बी.एड. करून टाक. तेवढ्यात विद्यापीठातल्या माझ्या मॅडमचा निरोप आला. एका संशोधन प्रकल्पावर सहायक हवी होती, काम फिरतीचं होतं. मी दुसऱ्याच दिवशी हजर झाले.

प्रकल्प तिघांनी मिळून घेतला होता. इंजिनिअरिंगच्या एका सरांनी कमी ऐकू येणाऱ्यांसाठी स्वस्तातलं श्रवणयंत्र तयार केलं होतं. ते कानामागं बसायचं, बाहेरून चटकन दिसायचं नाही. कानाचे एक डॉक्टर माणसं तपासून ते कुणाला द्यायचं हे ठरवणार होते. आणि यंत्र आल्यावर घरात काय बदलतं, हे आमच्या मॅडमना बघायचं होतं. सरांना हा तिसरा भाग मनातून पटत नव्हता. "ऐकू यायला लागलं की प्रश्न मिटला," ते म्हणायचे, "त्यात घराचा अभ्यास काय करायचा?" मॅडम नुसत्या हसायच्या. घराचा अभ्यास माझ्या वाट्याला आला.

गंगापूर तालुक्यातली काही गावं माझ्याकडं होती. एसटीनं गंगापूर, तिथून भरल्याशिवाय न हलणारी जीप आणि शेवटचा रस्ता उसाच्या कडेकडेनं पायी. त्या गावांतल्या एका वस्तीवर एक म्हातारं जोडपं राहायचं. मी त्यांना बाबा आणि मावशी म्हणायची. बाबा सत्तरीला टेकलेले, उंच, डोक्याला कायम पांढरा रुमाल गुंडाळलेला. त्यांचं ऐकणं पन्नाशीनंतर हळूहळू गेलं होतं. मावशी बुटक्या, चपळ, आणि त्यांचा आवाज मात्र शेताच्या दुसऱ्या बांधापर्यंत पोचणारा. मुली लग्न होऊन गेलेल्या. शेजारीच बाबांच्या धाकट्या भावाचं घर होतं. दोघांच्या वाटण्या झाल्या होत्या, पण विहीर सामाईक, आणि पाणी पाळीनं.

कुणाला बाबांना काही सांगायचं असलं तर ते मावशींमार्फत जायचं. मावशी त्यांच्या डाव्या कानाला हाताचा आडोसा करून, एका विशिष्ट सुरात, तोडून तोडून बोलायच्या. बाकी कुणाचं बाबांना कळत नसे. पहिल्या भेटीत मी माझे ठरवलेले प्रश्न विचारत होते. मी लांबलचक विचारायची, मावशी दोन शब्दांत पोचवायच्या. एक प्रश्न असा होता, की ऐकू येत नाही म्हणून कधी एकटं वाटतं का?

मावशी बाबांच्या कानाशी वाकल्या. "पोरगी विचारतीया, चहा घेतला का?"

"दोनदा झाला," बाबा म्हणाले. "तिला दे."

मी मावशींकडं बघितलं. त्या मुळीच ओशाळल्या नाहीत. "असलं काय इचारायचं माणसाला? एकटं कशाला वाटंल? मी हाय ना."

पुढं बाबांची तपासणी झाली आणि त्यांना यंत्र मिळालं. त्या दिवशी दोघं औरंगाबादला आले होते. डॉक्टरांनी यंत्र कानामागं बसवलं, सुरू केलं आणि आम्ही सगळे बाबांच्या तोंडाकडं बघत उभे राहिलो. सरही मुद्दाम आले होते. बाबांनी इकडंतिकडं बघितलं. मग मान वर करून म्हणाले, "हे काय घरघर करतंय?"

"पंखा आहे," डॉक्टर म्हणाले.

"एवढा बोलतो व्हय पंखा?"

सर खूष झाले. मावशी मात्र जराशा बावरल्यासारख्या दिसल्या. सवयीनं त्या बाबांच्या कानाशी वाकल्या आणि त्यांच्या त्या ठरावीक सुरात म्हणाल्या, "अवो, येतंय का ऐकू?"

बाबा दचकून मागं सरले. त्यांनी बायकोकडं निरखून बघितलं. "तुझा आवाज लई फाटला गं."

"तुमच्यापायीच फाटला," मावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

पुढच्या भेटीत बाबांनी मला स्वतःच तक्रारी सांगितल्या. पापड खाताना डोक्यात फुटतो. जीपमध्ये बसवत नाही. विहिरीवरची मोटार चालू असली की काढून ठेवावं लागतं. पण बाजारात लई कामाला येतं, आता भाव दुसऱ्याच्या तोंडून कळून घ्यावा लागत नाही. मी सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, सरांचंच खरं दिसतंय.

त्यानंतरच्या खेपेला गेले तेव्हा आम्ही तिघं अंगणात बसलो होतो. बाबा बाजेवर, मी आणि मावशी खाली शेंगा फोडत. नुकतीच मोटार बंद केलेली होती. बाबांचा धाकटा भाऊ आला आणि अंगणाच्या तोंडाशी उभा राहिला. त्याला मी आधी एकदोनदा बघितलं होतं. भरदार माणूस, बोलणं जोरात. तो बाबांकडं न बघता मावशींना म्हणाला, "वहिनी, त्या बहिऱ्याला सांग, उद्याचं पाणी माझं हाय. परवा पाळी मोडून ह्यानं कांद्याला पाणी सोडलं. पुन्हा मोटारीला हात लावला तर हात मोडून ठेवीन म्हणावं. आणि किती दिवस धरून बसणार जमीन? पोरगा नाय, बाळ नाय. शेवटी येणार माझ्याकडंच."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. मावशींना काहीच नवीन वाटलं नसावं. त्या उठल्या, बाबांच्या कानाशी वाकल्या. "भाऊजी म्हणतेत, उद्याच्याला पाणी त्यांना घिऊ द्या. आणि तुमची तब्येत कशी हाय इचारतेत."

बाबांनी आधी मावशींकडं बघितलं. मग भावाकडं बघून म्हणाले, "बरी हाय. घे उद्या पाणी."

भाऊ निघून गेला. मावशी पुन्हा शेंगांपाशी येऊन बसल्या. तेव्हा बाबांनी डोक्याचा रुमाल सोडला आणि मला दिसलं, यंत्र कानामागंच होतं. मावशींना वाटलं होतं, मोटार चालू होती म्हणजे ते काढूनच ठेवलेलं असणार. त्यांनीही तेव्हाच ते बघितलं. त्यांचे हात थांबले.

"आजवर असं किती येळा केलं?" बाबांनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

"मोजायला बसली का मी?"

"का केलं पण?"

"एका हिरीवर दोघं भाऊ. त्यांचं तोंड असं आणि तुमचं डोकं तसं. खरं सांगत बसले असते तर कवाच एकमेकांची डोकी फोडली असती."

बाबा माझ्याकडं वळले. "पोरी, मला वाटायचं, म्हातारपणी माझा भाऊ सुधारला." एवढंच बोलून ते उठले आणि उसाच्या बाजूला निघून गेले. मावशींनी मला थांब म्हटलं नाही, जा पण म्हटलं नाही. शेंगा संपेपर्यंत मी बसले आणि मग निघाले.

परतीच्या एसटीत माझं कशात लक्ष नव्हतं. आपण एका घरात काहीतरी नेऊन ठेवलं आणि त्यानं घर हललं, असं वाटत राहिलं. विद्यापीठात पोचल्यावर मॅडमना सगळं सांगितलं. सर तिथंच होते. मला वाटलं, ते विचारतील यंत्र नीट चाललं का. पण त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "माझी आजी अशीच होती. आजोबांना कधी कुणाचं वाईट कळूच दिलं नाही. आजोबांना तर चांगलं ऐकू यायचं." मॅडम मला म्हणाल्या, "घाबरू नकोस. लगेच जाऊही नकोस. नेहमीच्या वेळेला जा, आणि त्या सांगतील तेवढंच ऐक."

नेहमीच्या वेळेला गेले तेव्हा बाबा शेतात होते आणि यंत्र फडक्यात गुंडाळून भिंतीतल्या देवळीत ठेवलेलं होतं. मावशी जात्याजवळ बसून डाळ निवडत होत्या. मी काही न विचारता त्यांनीच सुरुवात केली.

"भावावर चिडले नाय ते. माझ्यावर चिडले. म्हणले, सगळं जग मला तुझ्या तोंडानं कळलं, आता त्यातलं खरं कुठलं न् खोटं कुठलं कसं वळखू? मग एक एक काढून इचारायला लागले. पोरीचे सासरे लग्नात खरंच खूष होते का? सोसायटीचा साहेब काय म्हणला होता? मी जे खरं ते सांगत गेले. आता लपवून काय करायचं?"

त्यांनी डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"मग इचारलं, आई जाताना काय म्हणली होती? तवा मी सांगितलं होतं, की म्हातारी तुमचं नाव घेऊन सुखी ऱ्हा म्हणली. आता इचारल्यावर सांगितलं खरं. म्हणलं, ती काहीच म्हणली नाय. नुसती पाणी पाणी करत गेली."

"मग?" मी म्हणाले.

"मग इचारलं, पाणी दिलं का? म्हणलं, दिलं, मीच पाजलं. म्हणले, मग झालं. आणि झोपले."

त्यानंतर बाबांनी काही विचारलं नाही, पण यंत्रही लावलं नाही. मावशींशी बोलणं कामापुरतं होतं. मावशी कानाशी जाऊन बोलल्या की ते मान हलवत. मला वाईट वाटलं, पण मी काही समजूत घालायला गेले नाही. माझं वय तरी काय होतं तेव्हा! जेवून जा म्हणाल्या, जेवले. बाबा शेतातून आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुन्हा गेले.

पुढच्या खेपेला मात्र मला अंगणातच हाक आली. "ये पोरी. बस. आज मी सांगतो." बाबा बाजेवर बसले होते आणि यंत्र कानात होतं. मावशी आत चुलीपाशी होत्या. इतक्या महिन्यांत बाबा माझ्याशी एकटे, मधे कुणी नसताना, पहिल्यांदाच एवढं बोलत होते.

"हिरीची मोटार जळली," ते म्हणाले. "आता मोटार दोघांची. दोघं गेल्याशिवाय वर निघत नाय. मी मशीन लावलं आणि हिरीवर जाऊन बसलो. त्यो आला. त्याला वस्तीवर कुणीतरी सांगितलंच होतं, म्हाताऱ्याला आता ऐकू येतंय म्हणून. तवापासून आमच्या अंगणात पाय ठेवला नव्हता त्यानं. मी म्हणलं, बोल. आता मला ऐकू येतंय. काय बोलायचं ते माझ्या तोंडावर बोल."

"मग काय म्हणाले?"

"त्यो हिरीत वाकून बघत ऱ्हायला. मग म्हणला, दादा, मोटार जळली." बाबांच्या तोंडावर हसू आलं. "मी म्हणलं, ते मला वासानंच कळलं."

आतून मावशींचं हसणं ऐकू आलं. बाबांनीही ते ऐकलं, त्यांनी मान तिकडं वळवली.

मोटार दोघांनी मिळून वर काढली, जीपमध्ये घालून गंगापूरला नेली, आणि तिची तार नव्यानं गुंडाळून होईपर्यंत दोघं दुकानासमोर बसून राहिले. पाण्याच्या पाळीवरून तिथंही वाद झालाच. "भांडलो," बाबा म्हणाले, "चांगलं भांडलो. लई वर्सांनी भांडलो. त्यो शिव्या देतो पण पाळीचं त्याचं बरोबर होतं. मीच मोडली होती. हिनं मला ते कधी सांगितलंच नव्हतं."

"तुमीच मोडली हे तुमाला ठाऊक नव्हतं व्हय?" मावशी आतून ओरडल्या.

"ऐकतो मी. हळू बोल."

त्यानंतर बाबांनी यंत्र वापरायची आपली रीत ठरवून घेतली. बाजाराला, बँकेला, विहिरीवर आणि कुणी पाहुणा आला तर लावायचं. संध्याकाळी घरात काढून ठेवायचं. तेव्हा मावशी पूर्वीसारख्याच कानाशी बसून दिवसभराचं सांगत. त्यात त्या काय गाळत होत्या आणि काय घालत होत्या, मी विचारलं नाही. बाबाही विचारत नसावेत.

विभागात आमची चर्चा झाली तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "हे गृहस्थ यंत्र वापरतात असं धरायचं की नाही? निम्मा दिवस तर ते काढून ठेवतात." मी उत्तर द्यायच्या आधी सरच म्हणाले, "मी चष्मा झोपताना काढतो." त्यानंतर ते माझ्याबरोबर दोनतीन वस्त्यांवर आले. लोकांच्या ओसरीवर बसून तासन्‌तास ऐकत राहायचे. यंत्राचं बटण त्यांनी मोठं केलं, म्हणजे म्हाताऱ्या बोटांना न बघता बंद करता यावं. मी त्याच कामावर पुढं पीएच.डी. केली. आईनं बी.एड.चं नाव काढणं सोडून दिलं.

प्रकल्प संपला तशी माझी गंगापूरची फेरी थांबली. एक दिवस विभागाच्या शिपायानं सांगितलं, खाली दोन म्हातारे तुम्हाला विचारतायत. बघते तर बाबा आणि त्यांचा भाऊ. यंत्र शिट्टी मारत होतं म्हणून दाखवायला आले होते. मावशींचे गुडघे दुखत होते, त्यामुळं सोबत भाऊ आला होता. यंत्र चालू असूनही तो बाबांच्या कानाशी ओरडून बोलत होता आणि बाबा दर वेळी तोंड वाकडं करत होते.

मी त्यांना सरांच्या प्रयोगशाळेत नेलं. सरांनी यंत्र उघडून साफ केलं, कानातला भाग बदलून दिला. तोवर भाऊ प्रयोगशाळेतल्या वस्तू न्याहाळत होता. मग हळूच सरांना म्हणाला, "साहेब, मला बी एका बाजूनं जरा कमीच येतंय. बघता का?"

सरांनी त्याला डॉक्टरांकडं पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली. बाबांनी नुकतंच बसवलेलं यंत्र बोटानं चाचपलं आणि म्हणाले, "ह्याला नका देऊ साहेब. आमची म्हातारी ह्याच्या माघारी काय बोलती ते सगळं ऐकू येईल ह्याला."

भाऊ आधी रागानं बघत राहिला. मग इतका मोठ्यानं हसला, की बाबांनी कानातलं यंत्र बंद केलं.

कॅन्टीनमध्ये मी दोघांना चहा पाजला. उन्हं कलली होती आणि त्यांना गंगापूरची गाडी गाठायची होती. रिक्षावाल्याला बसस्टँड सांगून मी त्यांना बसवलं. रिक्षा सुरू झाली तेव्हा पाळीवरून त्यांचं पुन्हा काहीतरी चाललं होतं. ते दोघं फाटकाबाहेर गेल्यावर मी वर येऊन माझ्या टेबलाशी बसले.