ब्रेकवाला जावई

चहा येईपर्यंत सांगून टाकतो. नाहीतर तुम्हाला हे आमच्या कंपनीतल्या शिंद्यांकडून कळेल, आणि शिंदे पदरचं घालून सांगतात. खरं तर पदरचं घालायला मी काही जागाच ठेवलेली नाही, पण त्यांचा हात कोण धरणार?

आधी मी कोण ते ऐका. मी चाकणला ब्रेकचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. अकरा वर्षं. म्हणजे पार्ट बनवणारे वेगळे. मी ते मोजतो, बरोबर असले तर सही करतो, नसले तर लाल पट्टी लावून बाजूला काढतो आणि बनवणाऱ्याला चार शब्द सुनावतो. यातलं शेवटचं काम मला सगळ्यात चांगलं जमतं. "अरे, ब्रेक आहे तो. लोकांचा जीव असतो त्याच्यावर." हे वाक्य मी पाळीला पाच-सहा वेळा तरी म्हणतो. लोक मान डोलावतात. मी पुढे गेलो की काय करतात ते मी कधी मागे वळून बघितलेलं नाही.

माझी सासुरवाडी कुरुळी. सासरे अस्सल गावकरी. आजूबाजूला कंपन्या उभ्या राहिल्या, पण यांची उरलेली शेती आणि ट्रॅक्टर दोन्ही चालू आहेत. आम्ही त्यांना मामा म्हणतो. मामांनी आयुष्यात गाडीचं पुस्तक उघडलेलं नाही. नुसतं कान देऊन सांगतात, ह्याचं अमुक गेलंय, आणि ते गेलेलंच असतं. लग्न ठरताना त्यांना कोणीतरी सांगितलं, जावई ब्रेक तपासतो. त्यावर त्यांनी विचारलं, "तपासतो म्हंजी, खोलतो का?" "नाही, मोजतो आणि टिक करतो." मामा म्हणाले, "बरं."

ते 'बरं' मला अकरा वर्षं टोचतंय बघा. सगळ्या कंपनीने मला मानलं तरी हा एक माणूस मानत नाही, हे कुठेतरी आत होतंच.

मग गेल्या वर्षी मी नवी गाडी घेतली आणि दसऱ्याला पूजेसाठी मुद्दाम कुरुळीला नेली. या गाडीच्या ब्रेकमधला एक पार्ट आमच्याच कंपनीत बनतो, हे मी अंगणात जमलेल्या अख्ख्या भावकीला सांगितलं. एकदा नाही, दोनदा. गाडीला हार घातला होता, चाकांखाली लिंबं होती, मामी कुंकू लावत होत्या, आणि मी बॉनेट उघडून ब्रेक कसा लागतो ते समजावत होतो. पंचवीस मिनिटं. पुरणपोळ्या गार होत होत्या, पण कोण उठणार? जावयाचा मान.

मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं."

चारच्या सुमारास आम्ही रावेतला घरी यायला निघालो. शेजारी मनीषा, म्हणजे आमची बायको. तिच्या मांडीवर पुरणपोळ्यांचा डबा, मागच्या सीटवर तांदळाचं पोतं, शेंगा, आपट्याची पानं आणि सासुरवाडीने दिलेल्या दहा-बारा पिशव्या. चिंबळी फाटा गेला. पुढे इंद्रायणीच्या पुलाकडे रस्ता उतरतो ना, तिथे आमच्या पुढे नव्या कोऱ्या गाड्या वाहून नेणारा एक लांबलचक ट्रेलर होता. त्याचे मागचे लाल दिवे लागले. मी ब्रेकवर पाय ठेवला.

पाय खाली जाईना.

म्हणजे थोडासाही नाही. पायरीवर पाय दाबावा तसं. मी अजून जोर लावला. पेडल हलेना, आणि ट्रेलर मोठा होत चालला. खोटं कशाला बोलू, मी घाबरलो. माझ्या शेजारी माझी बायको बसली होती आणि ती माझ्या भरवशावर बसली होती, एवढंच डोक्यात येत होतं.

"अहो, ब्रेक मारा."

"मारतोय."

"मग गाडी थांबत का नाही?"

"आता ते मला कसं माहीत?"

पंचवीस मिनिटं भाषण ठोकलेला माणूस हे बोलतोय. सगळा अकरा वर्षांचा अनुभव त्या क्षणी मोशीच्या बाजूला उडून गेला. हँडब्रेक नावाची वस्तू गाडीत असते हेसुद्धा मला आठवलं नाही. तो मनीषाने ओढला. डबा मांडीवर तसाच धरून, दुसऱ्या हाताने. मी फक्त स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि डोळे मिटले. कृपया हे कोणाला सांगू नका, पण डोळे मिटले.

उघडले तेव्हा समोर सगळं पिवळं आणि केशरी. रस्त्याच्या कडेला एका बाईने झेंडूचा ढीग लावला होता, त्यात आमची गाडी बॉनेटपर्यंत शिरून थांबली होती. ट्रेलर केव्हाच पुलावर पोचला होता. त्याला बिचाऱ्याला काही पत्ताही नाही.

फूलवाली दोन हात लांब बसली होती, म्हणून वाचली. ती उठली, गाडीभोवती फिरली आणि म्हणाली, "काय वो साहेब, सकाळी यायचं व्हतं. आता दसरा सरला, अन् तुमी गाडीला फुलं घालाया आला?"

मी हात जोडले.

"ऱ्हाऊ द्या. उरलेलीच हायेत, सांजंला फेकून द्यायची व्हती. कोणाला लागलं न्हाई ना?"

लागलं नव्हतं कोणालाच. इथे खरं तर किस्सा संपायला हवा होता. देवाचे आभार मानायचे, बाईंचे मानायचे, मनीषाचे तर पाय धरायचे आणि गाडीत काय झालंय ते वाकून बघायचं. कुठल्याही साध्या माणसाने हेच केलं असतं. पण मी साधा माणूस कुठे? मी क्वालिटीचा.

मी बॉनेट उघडलं. हायवेवर बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत माणसं जमतात. दोघं बाइकवरून उतरले, एक टेम्पोवाला थांबला. टेम्पोवाला म्हणाला, "भाऊ, आधी पायाशी बघितलं का? कधी चप्पल अडकते, कधी बाटली."

मी त्याच्याकडे बघितलं. मी लाल पट्टी लावताना बघतो ना, तसं. म्हटलं, "मी ब्रेकच्या कंपनीत आहे."

"मग राहू द्या," तो म्हणाला, आणि टेम्पोला टेकून उभा राहिला. गेला नाही. मुद्दाम थांबला होता, असा माझा अजूनही संशय आहे.

मी निदान केलं. पेडल दगडासारखं घट्ट, म्हणजे बूस्टर गेला. बूस्टर म्हणजे आपल्या पायाचा जोर वाढवणारा डबा, आणि त्यातलाच पार्ट आमच्याकडे बनतो. मी लगेच आमच्या काळे साहेबांना फोन लावला. ते सुट्टीच्या दिवशी जेवून आडवे झाले होते.

"साहेब, आपला पार्ट रस्त्यावर फेल झालाय."

ते ताडकन उठले असणार, कारण आवाज बदलला. "कुठे? कुणाची गाडी?"

"इंद्रायणीच्या पुलाआधी. माझीच गाडी. मरता मरता वाचलो."

"लॉट पास कुणी केलाय?"

आता इथे, मंडळी, माणसाची परीक्षा होते. चांगला माणूस म्हणाला असता, बघून सांगतो. मी म्हणालो, "शिंद्यांच्या शिफ्टचा लॉट असणार, साहेब. त्यांच्याकडे जरा घाईच असते."

कशावरून? कशावरूनच नाही. माझी सही असू शकते ही शक्यता माझ्या डोक्यात आली आणि मी तिला तिथल्या तिथे शिंद्यांच्या दारात सोडून आलो.

पुढे सगळं फार शिस्तीत झालं. आमच्या कंपनीत एरवी काही इतकं भराभर होत नाही. गेटवर पार्ट भरून निघालेली गाडी अडवली गेली. सगळा माल थांबवला. कासारवाडीला शिंदे श्रीखंडाच्या ताटावर बसले होते, त्यांना उठवून चाकणला बोलावलं आणि अख्खा लॉट पुन्हा मोजायला लावला. एकेक नग, एकट्याने. दरम्यान मी झेंडूतल्या गाडीचा फोटो आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'या मॉडेलची गाडी असलेल्यांनी कृपया बाहेर काढू नये. तज्ज्ञ म्हणून सांगतोय.' सोसायटीत तशा चार गाड्या आहेत. एका कुटुंबाने सोनं द्यायला जाणं रद्द केलं. एकाने रिक्षा केली.

सणाच्या गर्दीत अडकत अडकत दोन तासांनी मामा आले. मनीषाने त्यांना फोन केला होता. हार घातलेला ट्रॅक्टर घेऊन, ओढायला दोर घेऊन. त्यांनी आधी लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे वळले. मी त्यांना बूस्टर समजावला, व्हॅक्यूम समजावला, लॉट समजावला, शिंद्यांची शिफ्ट कशी गाफील आहे तेही समजावलं. मामा शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, आज हा माणूस मला मानणार.

"झालं का सांगून?" त्यांनी विचारलं.

"झालं."

मग त्यांनी माझ्या बाजूचं दार उघडलं, गुडघ्यावर बसले, हात आत घातला, जरा हिसका दिला आणि बाहेर आले. हातात नारळ होता. शेंडीला धरलेला.

त्यांनी तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "जावईबापू, ह्यो कुठल्या लॉटचा?"

टेम्पोवाला टेम्पोत बसला आणि निघून गेला. त्याचं काम झालं होतं.

तो नारळ तिथे कसा आला, तेही सांगतो, आता लपवून काय करू? निघताना मामींनी रावेतच्या देवीला वाहायला नारळ दिला. मी डिकीत टाकायला निघालो, तर म्हणाल्या, "देवाचा नारळ चपलांशेजारी न्हाई ठेवायचा." मागच्या सीटवर जागा नाही, मनीषाच्या मांडीवर डबा. मग मी कोणाचं लक्ष नाही असं बघून तो माझ्याच सीटखाली सरकवला. मनीषाने विचारलं, कुठे ठेवलात? मी म्हणालो, व्यवस्थित ठेवलाय. उताराला लागल्यावर देवाचा नारळ देवाकडे निघाला आणि वाटेत ब्रेकच्या मागे बसला.

मामांनी ट्रॅक्टरचा दोर गुंडाळला. फूलवालीने टपावरचे झेंडू झाडले. मनीषा माझ्याकडे बघत होती आणि तिच्या नजरेत राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. मी कडेला गेलो आणि शिंद्यांना फोन लावला.

"सगळे मोजले," शिंदे म्हणाले. त्यांच्या आवाजात दमणूक होती. "एक नग चुकीचा नाही. आणि एक सांगू का, तुमच्या गाडीत हा लॉट असायचं कारणच नाही. हा गेल्या आठवड्यात बनलाय. तुमची गाडी दोन महिन्यांची आहे. बरं, तुम्हा दोघांना लागलं नाही ना?"

सणाच्या ताटावरून उठवलेला माणूस, ज्याची नोकरी मी दोन तासांपूर्वी एका वाक्यात टांगली होती, तो मला हे विचारतोय. मला लाज वाटली. खरीखुरी. मी त्यांना नारळाचं सांगितलं. शिंद्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी श्रीखंड खायला जाऊ का आता?"

दुसऱ्या दिवशी काळे साहेबांनी माझ्यापुढे कागद ठेवला. गाडी अडली, माल थांबला, म्हणजे कारण लिहावंच लागतं. मी प्रामाणिकपणे लिहिलं, 'माझी चूक.' साहेबांनी ते लाल पेनने खोडलं. म्हणाले, "माणसाची चूक हे कारण आपल्याकडे चालत नाही. पद्धतीत काय कमी होतं ते लिहायचं आणि पद्धत सुधारायची. तुम्हीच शिकवता ना पोरांना?"

मीच शिकवतो. लोकांचे असले कागद मी गठ्ठ्याने परत पाठवलेत.

म्हणून पद्धत सुधारली. आमच्या गेटवर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक गाडीची एक यादी भरतात. दिवे, टायर, कागदपत्रं. त्यात नवा मुद्दा आला: 'चालकाच्या पायाशी नारळ किंवा तत्सम वस्तू नाही.' रोज वीस-पंचवीस ड्रायव्हर तिथे टिक करतात आणि वॉचमनला विचारतात, हे काय आहे? वॉचमन माझ्या खिडकीकडे बोट दाखवतो.

एवढंही मी सोसलं असतं. पण परवा बाहेरचे ऑडिटर आले. फार कडक गृहस्थ. यादी वाचता वाचता त्या मुद्द्यावर थांबले आणि चष्मा वर करून काळे साहेबांना विचारलं, "हा असा ड्रायव्हर खरंच होता तुमच्याकडे?"

"होता."

"ब्रेकच्या कंपनीत असला माणूस? मग त्याच्यावर काय कारवाई केलीत?"

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "काढून नाही टाकला. क्वालिटीत बसवलाय. तिथे ब्रेक नुसता मोजायचा असतो, मारायचा नसतो."

ऑडिटरना ते पटलं. त्यांनी 'कारवाई योग्य' असं लिहिलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला.