मूळ दाखवलं नाही

माझं चित्र त्यांनी चपलांच्या कपाटाला टेकवून ठेवलं होतं.

टिळकवाडीतला बंगला. पुढं व्हरांडा, वेताच्या खुर्च्या. एका खुर्चीवर वकीलसाहेब, शेजारी त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, पलीकडं पुण्याहून आलेले त्यांचे धाकटे भाऊ, कोपऱ्यात वकीलसाहेबांच्या म्हाताऱ्या आई. एक खुर्ची रिकामी होती. चित्र तिच्यावर ठेवते म्हटलं, तर वहिनी म्हणाल्या, "नको गं, रंग लागेल गादीला." रंग कधीच वाळला होता. मी उभी होते. मला कुणी बस म्हटलं नाही आणि मीही बसले नाही, कारण तेव्हा मला अजून त्यांच्याकडून काहीतरी हवं होतं.

परीक्षा चालली होती. माझी कॉपी मूळ चित्राशी किती जुळते, याची. परीक्षक होते आमचे सर. कॉलेजात मला रंग शिकवलेले, आता निवृत्त झालेले.

मूळ चित्र आत होतं, देवघराच्या खोलीत. कॉपी बाहेर. सर चपला काढून आत जायचे, मूळ बघायचे, बाहेर येऊन चपला घालायचे, चष्मा कपाळावर सरकवून माझं चित्र बघायचे आणि परत चपला काढायचे. मुळाचा रंग डोळ्यांत भरून आणायचे आणि तो दारापर्यंत येईतो अर्धा सांडायचा. दोन चित्रं शेजारी शेजारी ठेवली की शाळकरी पोरालाही फरक दिसतो. ते कुणाला सुचत नव्हतं असं नाही. सुचलेलं बोलायची त्या व्हरांड्यात पद्धत नव्हती.

"शालू निळा आहे," सर शेवटी म्हणाले. "हिनं हिरवा केलाय."

सगळे हसले.

"उजवा खांदा आखूड झालाय. आणि हात. मूळ चित्रात हातात पुस्तक आहे. हिनं हात मोकळाच ठेवलाय."

धाकटे भाऊ पाय पसरून बसले होते. ते म्हणाले, "पुस्तक कुठून सुचणार हिला?"

पुन्हा हसले. सर हसले नाहीत. सरांनी माझी बाजू घेतली. म्हणाले, "समजून घ्या. वडील बोर्ड रंगवतात हिचे. ह्यांच्या हाताला बोर्डाची सवय."

शिवी परवडते. ही माया परवडत नाही.

मी निपाणीची. आई विड्या वळायची. वडील पाट्या रंगवतात, वर कन्नड मोठं, खाली मराठी बारीक. नियम बदलतात तशा पाट्या बदलतात. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. विडी कामगारांची, सीमाभागाची, गटारीची, पाण्याची. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. पत्रकातलं प्रत्येक वाक्य ओरडतं. कॉलेजात आल्यावर मला त्या ओरडण्याची लाज वाटायला लागली. चांगल्या घरांत लोक हळू बोलतात असं दिसलं, म्हणून मीही हळू बोलायला शिकले. हळू बोलून माणसाचं काय काय करता येतं, ते ह्या बंगल्यात कळलं.

हे काम सरांनीच आणलं होतं. वकीलसाहेबांच्या आजीचं तैलचित्र, मिरजेच्या कुणा जुन्या चित्रकारानं काढलेलं. घराण्यातली पहिली शिकलेली बाई. धाकट्या भावाला पुण्याच्या फ्लॅटमध्ये तिची हुबेहूब प्रत हवी होती. सर मला म्हणाले होते, "हे पसंत पडलं तर तुला संस्थेत नेतो." संस्था म्हणजे जुन्या चित्रांच्या प्रती करून देणारी. तिथं शिरलेला माणूस चित्रकार म्हणवतो. मला तेवढंच हवं होतं. लोकांनी पाट्या रंगवणाऱ्याची पोरगी न म्हणता चित्रकार म्हणावं. आता हे लिहिताना ती इच्छाही मला जरा हलकीच वाटते. पण तेव्हा तिच्यासाठी मी बरंच गिळलं.

पहिल्यांदा गेले तेव्हा वहिनींनी विचारलं, "निपाणीत कुठं?"

मी गल्ली सांगितली. आमच्या गल्लीचं नाव सांगितलं की जात वेगळी सांगावी लागत नाही.

चहा आला. वेगळा कप वगैरे काही नाही. हे लोक तसलं काही करत नाहीत. त्यांना स्वतःविषयी चांगलं मत हवं असतं. मी म्हटलं, "चित्र बघू काय?" वहिनी म्हणाल्या, "फोटो पाठवते की. चित्र देवघरात आहे ना. रोज दिवा लागतो आजींच्या पुढं. आम्ही तसं काही मानत नाही गं, पण सासूबाई आहेत."

फोटो आला. तिरका. समईच्या पिवळ्या उजेडात काढलेला. बाईचा उजवा खांदा लांब गेल्यानं आखूड दिसणारा, डावा हात दाराच्या चौकटीनं मनगटापाशी कापलेला. मी फोन केला.

"वहिनी, जरा समोरनं काढता काय?"

"अगं, मी चार दिवस बाजूला आहे. उंबऱ्यावरूनच काढलाय."

"मग साहेबांस्नी सांगा की."

"त्यांना कुठला वेळ? कर त्यावरूनच."

"शालू हिरवाच हाय काय?"

"फोटोत दिसतोय ना? तसाच."

"आणि हात?"

"मांडीवर आहे. घाल कसाही."

म्हणजे ज्या उंबऱ्यापाशी मला अडवायचं होतं, तिथं ही बाई स्वतः अडलेली. घरातली सून. तिला हे दिसलं नाही. आपण बाहेर आहोत याचं तिला काही नव्हतं, मी आत येऊ नये एवढं मात्र तिला नीट कळत होतं.

मी वडगावात आत्याकडं राहते. खाली माग चालतात, वर माझी खोली. मागाच्या खडखडाटात मी त्या तिरक्या फोटोवर चौकटी आखल्या आणि कॅनव्हासवर तेवढ्याच चौकटी मोठ्या करून घेतल्या. खांदा सरळ करावा असं हाताला वाटत होतं. केला नाही. निळा असणार असा संशय होता. घातला नाही. कॉपीत आपल्या पदरचं घालायचं नाही, हे सरांनीच शिकवलेलं. त्यांनी आणखी एक शिकवलं होतं. कॉपी मुळासमोर बसूनच करायची. फोटोवरून करतो तो चित्र करत नाही, अफवा पसरवतो. वर्गात हे वाक्य ते फळ्यावर लिहायचे.

हे सगळं सरांना ठाऊक होतं. मला आत घेतलं नाही हे मी त्यांना काम सुरू करायच्या आधीच सांगितलं होतं. तेव्हा ते म्हणाले होते, "बघू. मी बोलतो त्यांच्याशी." बोलले नाहीत. आणि आता चपला काढत घालत माझ्या चुका मोजत होते.

"ठीक आहे," वकीलसाहेब म्हणाले. निकाल देण्याची सवय असलेला आवाज. "दुरुस्त करून आण. शालू निळा कर, पुस्तक घाल. फोटो परत पाठवू."

मी म्हटलं, "मी मूळ बघितलंच न्हाई."

सरांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला.

"फोटो उंबऱ्यावरनं काढलाय. म्हणून खांदा आखूड. समईचा उजेड होता, म्हणून हिरवा. पुस्तक चौकटीनं कापलं. मला दाखवलं ते मी काढलंय. त्यात काय चुकलंय ते सांगा."

वहिनी साडीचा काठ बघत होत्या. त्या एका शब्दानं सांगू शकल्या असत्या की फोटो असा का आला. सांगितलं असतं तर मी त्यांच्या बाजूनं उभी राहिले असते, त्यांच्या नवऱ्यासमोर, दिरासमोर. त्यांनी काठ बघितला.

मी सरांकडं वळले. "सर, तुम्हीच सांगितलंय. मुळासमोर बसून."

सर हळू म्हणाले, "परिस्थिती बघून वागायचं असतं."

"कुणाची परिस्थिती?"

"तू आवाज वाढवू नकोस."

मी आवाज वाढवला नव्हता. पण माझ्या तोंडून प्रश्न आला की ह्या लोकांना तो मोठ्यानंच ऐकू येतो.

धाकटे भाऊ कंटाळले होते. "दादा, एका चित्रासाठी काय हे? पुण्यात दहा जण करून देतील. इथल्या मराठीसारखंच इथलं कामही. लांबून बरं वाटतं." हा माणूस ह्याच बंगल्यात जन्मला. पुण्यात जाऊन त्यानं स्वतःची एक प्रत काढून आणली होती आणि ती मूळ म्हणून मिरवत होता.

तेवढ्यात कोपऱ्यातनं म्हातारी बोलली. सगळं जिच्या नावावर चाललं होतं ती. तिला कमी ऐकू येतं.

"काय म्हणतेय पोर?"

"चित्र बघायचं म्हणतेय, आई," वकीलसाहेब मोठ्यानं म्हणाले.

"मग बघू दे की. मी कधी नको म्हटलं?"

व्हरांड्यात एकदम जागा कमी पडल्यासारखी झाली. वकीलसाहेब खोकले. वहिनींच्या तोंडावरचा रंग गेला. आजवर सासूबाईंच्या पदराआड सगळं घर लपून बसलं होतं आणि सासूबाईंनी पदर काढून घेतला. मला क्षणभर वाटलं, संपलं. आता दार उघडणार.

म्हातारीनं पुढं सांगितलं, "उंबऱ्यावरनं बघ म्हणावं. आत कशाला यायला पाहिजे? तिथनं दिसतंय."

सगळ्यांचा श्वास परत सुरू झाला. "बरोबर," वकीलसाहेब म्हणाले. "उंबऱ्यापाशी उभी राहा. दार पूर्ण उघडं ठेवतो. वाटेल तेवढा वेळ बघ." किती उदार वाटत होतं त्यांना स्वतःला. सरांनी तर मान डोलावली, जणू त्यांनीच हे मिळवून दिलं. "जा," ते म्हणाले. "बघून घे. पुढचं मग संस्थेचं बघू."

खोटं लिहीत नाही. माझे पाय निघाले होते. कितीतरी दिवस मी त्या बाईचा अर्धा चेहरा काढत बसले होते. तिच्या शालूचा निळा कसला आहे, काळपट की मोरपंखी, पुस्तकात तिनं बोट घातलंय की ते मिटलेलं आहे, हे मला बघायचं होतं. भूक लागल्यासारखं बघायचं होतं. चार पावलांवर होतं ते. उंबऱ्यापाशी जायचं, मान लांब करायची, घरी येऊन शालू निळा करायचा. संस्था. चित्रकार.

आणि पुढं आयुष्यभर सगळी चित्रं उंबऱ्यावरनं बघायची.

"न्हाई," मी म्हटलं.

"काय नाही?"

"उंबऱ्यावरनं बघणार न्हाई. आत येऊन, समोर बसून बघणार. न्हाईतर कॉपी होणार न्हाई."

"अगं, देतोय ना बघायला," वकीलसाहेब म्हणाले. त्यांना खरंच कळत नव्हतं. कायदा शिकलेला माणूस.

मी चित्र उचललं, उलटं केलं. पिशवीत ब्रश आणि काळ्या रंगाची ट्यूब होती, जागेवरच किरकोळ दुरुस्ती करावी लागली तर म्हणून आणलेली. कॅनव्हासच्या पाठीवर लिहिलं. वडील पाटीवर लिहितात तसं, ठळक, रस्त्यावरून वाचता येईल असं. वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. अक्षरं मात्र दोन्ही सारखीच मोठी.

फोटोवरून. मूळ दाखवलं नाही.

खाली माझं नाव. कॉपीवर सही करायची नसते. मी केली.

"आमच्या घराचं नाव घालू नकोस कुठं," वकीलसाहेब उठून उभे राहिले.

"तुमचं नाव कशाला घालू? ह्यात तुम्ही एकटे न्हाई."

सर म्हणाले, "तू स्वतःचं नुकसान करून घेतेस." मी त्यांच्या पायांकडं बघितलं. एक चप्पल पायात होती, एक बाहेर. जायचं कुठं ते त्यांचं ठरत नव्हतं. नमस्कार न करता मी चित्र घेऊन फाटकाबाहेर पडले.

आत्याला सगळं सांगितलं. तिनं माग बंद न करताच ऐकलं. म्हणाली, "मेलेल्या बाईला बघायचंय म्हणून एवढं भांडलीस व्हय गं?"

"बघायला मिळालंच न्हाई."

"मग भांडलीस ते बरं केलंस," आत्या म्हणाली आणि तुटलेला धागा जोडायला वाकली.

काही दिवसांनी सरांचा फोन आला. वकीलसाहेबांचा राग उतरलाय, माफीचे दोन शब्द बोललीस तर संस्थेचं अजून जमेल. मी विचारलं, "सर, वर्गात फळ्यावर लिहायचा ते वाक्य आता मी कुणाचं म्हणून सांगू?" त्यांनी फोन ठेवला. संस्थेत मी नाही. तिथं कुणी दुसरं बसलंय, उंबऱ्यावरनं नीट दिसतं म्हणणारं. मी निपाणीला जाऊन वडलांबरोबर पाट्या रंगवते आणि मला त्याची लाज वाटायची थांबली आहे.

कॉपी मी सोडलेली नाही. कामं येतात, निपाणीहून येतात, चिकोडीकडनं येतात. जो येतो त्याला आधी विचारते, मूळ कुठं आहे आणि मला त्याच्यासमोर बसवणार काय. खोलीच्या आत, पाट टाकून, काम होईपर्यंत. फोटो पाठवतो म्हणणाऱ्याला मी परत पाठवते. संस्थेतनं आला असला तरी. आणि माझं काम मुळाशी जुळतं का हे पारखायला कुणी आला, तर त्यानं आधी मूळ बाहेर आणायचं, उजेडात, माझ्या चित्राच्या शेजारी ठेवायचं. तोवर माझ्या कामावर तोंड उघडायची परवानगी मी त्याला देणार नाही.