हादग्याचं फूल आणि माझे जुने सर

मंडळी, आज मी लई आनंदात आहे!

लातूरच्या एका मोठ्या क्लासमध्ये मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे. "तुमची भाषा गावठी आहे, पालक हसतात," असं पोरांसमोर म्हणून क्लास चालवणाऱ्या सरांनी मला भर वर्षात काढलं. मी माझ्या गावी, हदगावला परत आले. राग काही गेला नाही.

आज भाचीला घेऊन त्याच क्लासच्या मोफत तासाला गेले. मुद्दामच गेले, खोटं कशाला बोलू? पिशवीत धोतऱ्याचं अन् हादग्याचं फूल होतं. तेच सर पडद्यावर फुलांची कुळं शिकवत होते.

मी दोन्ही फुलं घेऊन उठले. "सर, या दोन फुलांत पुंकेसर कशाला चिकटलेले असत्यात?"

तोंडाला रुमाल बांधलेला, त्यांनी मला ओळखलं नाही. "दोन्हींत पाकळ्यांना."

"उघडून दावा की," म्हणत मी फुलं त्यांच्या हातात दिली.

धोतऱ्यात बरोबर निघालं. हादग्याच्या पाकळ्या मात्र अलगद सुटून त्यांच्या हातात आल्या, पुंकेसर जागेवरच! नऊ एकमेकांना जोडलेले, दहावा सुटा. पोरं खो खो हसली. मागं बसलेले पालकही.

"कोण तुम्ही?" सर घाम पुसत म्हणाले.

"माझ्या बोलीपायी तुम्ही काढलेली बाई. शेंगांच्या कुळात पुंकेसर असेच असत्यात, सर."

तास संपल्यावर सर मला दारात गाठून म्हणाले, "मॅडम, परत या ना शिकवायला."

"न्हाई," मी म्हणाले आणि भाचीचा हात धरून निघाले.

माफ केल्यावर मन हलकं होतं म्हणे. माझं तर आज सूड घेऊन लई हलकं झालंय. खरं सांगा, तुमचं कधी झालंय?