बिनचमकीची पेटी

आमच्या घरातल्या जुन्या फोटोंमध्ये ताईचे डोळे नेहमी मोठे उघडलेले दिसतात. पाहणाऱ्याला वाटतं, फोटोवाल्याने तिला दचकवलं असावं. खरं कारण तिच्या उजव्या पापणीवर होतं. लहानपणी अंगणात काजू भाजताना चिकाचा एक थेंब उडून तिथे बसला होता. बिया आगीत टाकल्या की टरफलातला चीक तडतडून उडतो, म्हणून आम्ही पोरं लांब उभी राहायचो. काठीने बिया हलवायचं काम ताईकडे असायचं. डोळा वाचला, पण पापणीवर नखाएवढा डाग राहिला. तो काळा नव्हता. फिकट आणि अगदी गुळगुळीत होता, आणि उजेड पडला की चमकायचा.

डोळे उघडे असले की डाग पापणीच्या घडीत जायचा. खाली पाहिलं की दिसायचा. त्यामुळे ताई कॅमेऱ्यासमोर खाली पाहायची नाही, पापणी लवू द्यायची नाही. ही सवय तिला इतकी जडली होती की तिच्याकडे तसं कोणाचं लक्षही जायचं नाही. माझंसुद्धा नाही.

तिचं लग्न ठरलं तेव्हा मी रत्नागिरीत एका पतसंस्थेत कारकून होते. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. हे मी अभिमानाने सांगते, पण ते माझ्या एकटीचं नव्हतं. ताई दहावीनंतर घरी राहिली. गुरं, शेत आणि आजारी आई तिने सांभाळली, म्हणून मला संगमेश्वरजवळच्या आमच्या गावातून रत्नागिरीच्या कॉलेजात येता आलं. तिने हे कधी बोलून दाखवलं नाही. त्यामुळे लग्नात तिला काय हवं ते मी घेणार, असं मी मनाशी ठरवलं होतं.

तिला काय हवं ते तिने एकदाच सांगितलं, तेही एसटी स्टँडवर, गाडी लागत असताना.

"बाय, गौरीहरापुढे खाली मान घालून बसायला लागतं गो."

एवढंच बोलली. मला लगेच समजलं. मुहूर्ताच्या आधी नवरी गौरीहरापुढे बसते आणि देवीवर तांदूळ वाहत राहते. मान खाली, नजर खाली. व्हिडिओवाला नेमका तेव्हाच दिवा लावून समोर बसतो, कारण त्या वेळी नवरी कुठे हलत नाही. मग ती कॅसेट गणपतीत चाकरमानी आले की घरोघर लागते.

"नवऱ्याला ठाऊक आहे ना?" मी विचारलं.

"मीच सांगितलं त्याला. मग काय झालं, म्हणाला. त्याचं काही नाही. पण कॅसेट बघायला सगळा वाडीभर गोतावळा बसतो."

मी बाजारात शोधायला लागले. त्या वेळी पापणीला लावायचे जे रंग दुकानात मिळायचे ते सगळे चमकीचे: निळे, गुलाबी, चंदेरी. मुळात तो डागच चमकायचा, त्यावर चमकी लावून काय साधणार? राम आळीतल्या एका दुकानदाराला मी बिनचमकीचा रंग विचारला.

"लग्नाला ना?" तो म्हणाला.

"हो."

"लग्नाला चमकी नको? मग काय तेराव्याला लावणार?"

शेजारच्या गिऱ्हाईक बाई हसल्या. मीही हसले आणि बाहेर पडले.

रंग मिळाला तो माझ्या खोलीच्या शेजारीच. मी मांडवीला भाड्याने राहत होते. शेजारच्या काकींचे यजमान बोटीवर होते. ते सुट्टीवर आले की त्यांच्या बॅगेतून साबण, अत्तरं, चॉकलेटं निघत, आणि त्यातलं नको असेल ते काकी ओळखीच्यांना विकत. मी माझी अडचण सांगितल्यावर त्यांनी कपाटातून एक चपटी काळी पेटी काढली. आत आरसा आणि चौकोनी खाचांतून बसवलेले रंग. मातीचे, सुपारीचे, ओल्या भाताच्या तुसाचे वाटावेत असे. एकालाही चमक नव्हती.

"मॅट म्हणतात ह्याला," काकी म्हणाल्या. "माझ्यासाठी आणलीय. मी कुठे डोळे रंगवून जाणार? मासळी घ्यायला?"

किंमत ऐकून मी मनात हिशेब केला. माझा निम्म्याहून जास्त पगार त्यात जाणार होता.

"कमी नाही हां करता येणार," काकींनी आधीच सांगितलं. "हे आले की पहिलं विचारतील, ती पेटी कितीला घातलीस म्हणून. पण तू असं कर, बहिणीला घेऊन ये. लावून बघ. नाही पटलं तर घेऊ नको."

नवी वस्तू, तीही एवढी महाग, उघडून लावून बघायला देणारं माणूस मला तोवर भेटलं नव्हतं. आजही काकींची आठवण झाली की मला आधी ते वाक्य आठवतं.

पुढच्या रविवारी ताई आली. काकींनी आम्हाला ओटीवर उजेडात बसवलं. मी त्यातला सगळ्यांत फिकट रंग निवडला. नवरी उजळ दिसायला हवी, एवढंच मला माहीत होतं. ताईने डोळे मिटले आणि मी बोटाने रंग लावला. तो बसेना. एका जागी गोळा होई, दुसरीकडे सरकून जाई. डागाभोवती पिठाची कड आल्यासारखं झालं आणि मधला डाग पूर्वीपेक्षा उघडा पडला.

ताईने आरसा मागितला. डोळे मिटून आरसा दिसत नाही आणि उघडले की डाग दिसत नाही. ती नुसता उजवा डोळा मिटून पाहायचा प्रयत्न करत होती, पण त्याच्याबरोबर डावाही मिटत होता. तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की तिने तो डाग स्वतः कधी नीट पाहिलेलाच नाही. तो कसा दिसतो हे तिला आमच्या चेहऱ्यांवरून कळत आलं होतं.

"कसं दिसतंय?" तिने मला विचारलं.

छान दिसतंय, असं म्हणणं सोपं होतं. पण जे तिला दिसू शकत नाही त्याबद्दल मी खोटं बोलले तर तिने विचारायचं कोणाला?

"वाईट दिसतंय," मी म्हटलं. "आधीपेक्षा जास्त दिसतोय."

काकी म्हणाल्या, "अगो, जरा गोड बोल की."

ताई मात्र रागावली नाही. तिने पदराने पापणी पुसली. "बरं झालं. पैसे वाचले," म्हणाली. पण खोलीवर आल्यावर भात वाढून घेतला आणि नुसता चिवडत बसली.

मी हात धुवायला गेले. पाणी बोटावर ठरेना, थेंब थेंब होऊन ओघळून जाई. बोट तेलकट होतं. मी नाकाशी नेऊन पाहिलं, ओळखीचा वास होता.

"ताई, पापणीला कोकमाचं तेल लावलंयस?"

"रोजच लावते. आज जरा जास्त चोळलं. कातडी मऊ राहावी म्हणून."

आमच्याकडे टाच फुटली, ओठ फुटला, भाजलं, की कोकमाचं तेल. ताई तो डाग पडल्यापासून दररोज ते लावत होती. कोरडी भुकटी तेलावर बसणार कशी? मला हसू आलं, मग तिलाही. पण त्याच वेळी दुसरी गोष्टही माझ्या लक्षात आली. मी तिला उजळवायला निघाले होते. तिला उजळायचं नव्हतंच, तिला फक्त तो डाग झाकायचा होता. तेव्हा रंग तिच्या बाकीच्या कातडीसारखा हवा होता, सावळा.

त्या रात्री तिने तेल लावलं नाही. सकाळी बेसनाने तोंड स्वच्छ धुतलं आणि आम्ही पुन्हा काकींकडे गेलो. ह्या वेळी सुपारीसारखा रंग आणि जरासा मातीचा असे दोन एकत्र केले. रंग सारखा बसला. डागाची चमक विझली. हात लावला तर गुळगुळीतपणा कळत होता, पाहून कळत नव्हता.

"आता?"

"आता नाही दिसत. अगदी जवळ आलं तर थोडा."

काकींनी पेटी कागदात गुंडाळून दिली आणि अर्धे पैसे पुढच्या पगाराला द्यायला सांगितले.

गावी नेऊन दाखवल्यावर आईने पेटी उलटसुलट करून पाहिली.

"हे चमकत नाय काय?"

"नाही. तेच तर पाहिजे होतं."

"चमकत नाय त्याला येवढे पैसे? चमकणारं घेतलं असतंस तर गावाला दिसलं तरी असतं."

तिचं बोलणं मी बराच काळ मनात घोळवलं. पेटीतले बाकीचे रंग कोणी वापरणार नव्हतं. दोन खाचांसाठी आम्ही सगळी पेटी घेतली होती. त्या पैशांत ताईला चांगली साडी आली असती, आणि साडी वर्षानुवर्षं नेसता आली असती. शिकलेल्या मुलीने असा खर्च करावा का, हा प्रश्न मला खरोखर पडला होता. उत्तर मला अजूनही हिशेबाने देता येत नाही. एवढंच कळतं की जी बाई आयुष्यभर सगळ्यांचं करत आली, तिने पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं होतं. ते दुसऱ्या कोणाला दिसणारं नव्हतं म्हणून कमी महत्त्वाचं ठरत नाही.

लग्न मे महिन्यात, दुपारच्या मुहूर्तावर होतं. सकाळी मीच तिला रंग लावला. पिवळी साडी नेसून ती गौरीहरापुढे बसली तेव्हा पत्र्याच्या मांडवाखाली जीव नकोसा झाला होता. मी शेजारी बसून पंख्याने वारा घालत होते. घामाचे ओघळ तिच्या कपाळावरून उतरत होते. व्हिडिओवाला दिवा घेऊन येताना दिसला तशी ती माझ्याकडे वळली आणि क्षणभर डोळे मिटून धरले. काय विचारते आहे ते तिने बोलायची गरज नव्हती.

मी नीट पाहिलं. नाकाच्या बाजूला घामाने रंग थोडा उतरला होता.

"कडेला थोडा दिसतोय," मी हळूच म्हटलं. "मला, इथून. समोरून नाही कळायचा. पुन्हा लावू का? वेळ आहे."

तिने जरा विचार केला. मुठीतले तांदूळ सारखे केले.

"राहू दे," म्हणाली. "तेवढा असू दे."

मग तिने मान खाली घातली. दिवा लागला. तिच्या दोन्ही पापण्या लख्ख उजेडात आल्या आणि ती एकेक चिमूट तांदूळ देवीवर वाहू लागली, घाई न करता. व्हिडिओवाला गुडघ्यांवर सरकत जवळ आला.

"नवरीबाई, जरा वर बघा. इकडे, कॅमेऱ्यात."

ताईने वर पाहिलं नाही.

"थांबा हो जरा," ती तांदूळ वाहता वाहता म्हणाली. "पूजा चाललीय ना."