घाडीने राखलेली हरळी

चार फेब्रुवारी, सकाळी सात वाजून दहा मिनिटे. मी मागचे दार उघडले आणि उंबऱ्यातच थांबलो. परवापर्यंत हिरवी असलेली मागची जमीन पिवळी पडली होती. एखादा कोपरा नव्हे, सगळी. वाकून एक पाते ओढले. ते सहज हातात आले आणि बोटांत चुरले. मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर असा हादरा मला बसला नव्हता. हे कोणी केले, याचा शोध घेण्याची आवश्यकता नव्हती. तीन दिवसांपूर्वी मीच तेथे युरियाची पिशवी मुठीमुठीने रिकामी केली होती. आता हे माझ्या माळ्याला, घाडीला, सांगायचे होते.

दादरच्या जुन्या इमारतीत मी तळमजल्यावर राहतो. मागची वीस पावले लांब, बारा पावले रुंद जागा आमच्या वापरात आहे. सुधाने, माझ्या पत्नीने, लग्नानंतर काही वर्षांनी अलिबागजवळच्या माहेरून हरळीचे एक ढेकूळ ओल्या फडक्यात बांधून आणले आणि त्यातून तेथे लॉन वाढवले. ते माहेरचे घर पुढे विकले गेले. अंगणाच्या जागी आज हॉटेलच्या गाड्या उभ्या असतात. सुधा गेल्यावर चार वर्षे मी रोज सकाळी नळी धरून पाणी घातले. याहून अधिक काही करावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. दुसऱ्या मजल्यावरचे पाटणकर सोसायटीचे सेक्रेटरी आहेत. ते जाता-येता म्हणत, "काका, मागे एक दिवस बिबट्या निघेल." नंतर त्यांनी थट्टा सोडली आणि लेखी कळवले की मार्चपर्यंत जागा सुधारली नाही, तर तेथे फरशी घालून गाड्या लावल्या जातील. म्हणून मी माळी शोधला.

दत्ताराम घाडी घोडपदेवच्या चाळीतून आला. मूळचा मालवणकडचा. बाविसाव्या वर्षी गिरणी सुटली, त्यानंतर त्याने एका जिमखान्याचे मैदान आयुष्यभर राखले. पहिल्या सकाळी त्याने नमस्कार केला, चपला दाराशी काढल्या आणि थेट गवतात पालथा झोपला. गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. मला वाटले, माणूस घेरी येऊन पडला. पाणी आणायला वळलो तोच खालून शांत आवाज आला.

"साहेबानू, हे हिरवं दिसतं ना, ते सगळं लव्हाळं. तुमचं लॉन कधीच गेलं."

मी त्याला सांगितले की पत्नीने लावलेल्या या लॉनला मी रोज न चुकता पाणी घालतो.

"म्हणूनच माजलंय."

चार वर्षे पत्नीची आठवण म्हणून मी तण पोसले होते. त्या सकाळी मी घाडीला चहासुद्धा विचारला नाही. मी आत जाऊन खुर्चीत बसून राहिलो. तो मात्र तासभर तसाच, गाल जमिनीला लावून, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत होता. अखेरीस त्याने मला हाक मारली. धुण्याच्या दगडाच्या आडोशाला पाटाएवढा एक तुकडा होता. पाती बारीक, दाट, खालून गुंतलेली. मला त्याने चपला काढायला लावल्या आणि त्यावर तळवा ठेवायला सांगितले. "ही बाईंची. अशी आता नर्सरीत मिळत नाही."

मी म्हटले, हल्ली तयार लॉनच्या चटया मिळतात, त्या आणून पसरून टाकू. त्याने माझ्याकडे असे पाहिले, जणू मी काही अशिष्ट बोललो होतो.

"चटई लग्नात अंथरतात, साहेबानू. इथे लावणी करू."

लावणी हा शब्द त्याने अलंकार म्हणून वापरला नव्हता. लव्हाळ्याच्या मुळाशी सुपारीसारख्या गाठी असतात. नुसते उपटले तर गाठ खाली राहते आणि दुप्पट उगवते. महिनाभर त्याने सळईने एकेक गाठ उकरून काढली. ती कचऱ्याच्या डब्यात टाकू देईना. "कुणाच्या तरी दारात उगवणारच ना ती," म्हणे. गाठी फरशीवर उन्हात वाळवून, हाताने चुरून पाहूनच तो त्या फेकत असे. मग दगडाजवळच्या तुकड्यातून त्याने दोन-दोन पेरांच्या काड्या सोडवल्या, दोरी ताणली आणि भाताचा तरवा, म्हणजे कोवळी रोपे, लावावा तसा उलट्या पावलांनी मागे सरकत, वितीवितीवर, अंगठ्याने दाबत एकेक काडी लावली. गिरणीत तो तुटलेला धागा सांधत असे. त्या बोटांना काडी मोडू न देता पकडणे सोपे जात असावे. लावणीला आरंभ करण्यापूर्वी त्याने विचारले, "बाई खय बसत?" मी जागा दाखवली. पहिली ओळ त्याने तेथून धरली.

मी नोकरीत इमारतींचे आराखडे तपासले. मुदत पाळणे आणि पाळायला लावणे, एवढेच मला येते. मार्चपर्यंत होईल ना, असे मी त्याला आठवड्यातून दोनदा विचारी. त्याचे उत्तर ठरलेले. "गवताक घाई कळत नाय, साहेबानू. ता आपल्याक कळता." एकदा मी चपलांनिशी दोन पावले आत गेलो, तर हातातले खुरपे खाली ठेवून त्याने मला बाहेर जायला सांगितले. माझ्या घरात मला कोणी बाहेर काढल्याचा हा पहिलाच प्रसंग. मी गेलो.

जानेवारीत काड्यांना धुमारे फुटले आणि ते एकमेकांकडे सरकू लागले. महिन्याच्या अखेरीस घाडी म्हणाला, छातीत चमक येते, डॉक्टरला दाखवून सोमवारी येतो. "तोवर फक्त पाणी. दुसरं काय एक करू नकात." सोमवार गेला. फोन बंद. पाटणकरांनी गॅलरीतून डोकावून विचारले, "टक्कल भरायला अजून किती दिवस, काका?" त्या शनिवारी मी युरिया आणला. दुकानदाराने चिमूटभर सांगितले होते. चिमटीने इतके साधते तर मुठीने किती साधेल, असा हिशेब आराखड्यात कोणी मांडला असता तर मी तो आराखडा परत पाठवला असता. भर दुपारी, कोरड्या जमिनीवर, मी पिशवी संपवली.

त्याच हरळीचा चुरा हातात घेऊन मी चार फेब्रुवारीला नऊ वाजता टॅक्सीत बसलो. घाडीला काय सांगायचे ती वाक्ये वाटेत जुळवली. चूक माझी, तुम्ही सांगितले होते, काही वाचवण्यासारखे आहे का, एवढे येऊन पाहा. चाळीचे तीन जिने चढलो. खोलीचे दार उघडे होते. कोपऱ्यात पसरलेल्या पिठावर एक दिवा तेवत होता. त्याशेजारी कोणी बसले नव्हते. मला कोणी काही सांगण्यापूर्वीच समजले, आणि तरी मी दारात उभा राहून घाडी आहेत का, असे विचारले.

त्याची सून बाहेर आली. "तुम्ही दादरचे साहेब ना? आप्पा शुक्रवारी गेले." फोनला कुलूप होते, उघडता आला नाही, म्हणून कळवता आले नाही, असे ती म्हणाली. शुक्रवारी. म्हणजे मी युरिया फेकला तेव्हा त्याला जाऊन एक दिवस झाला होता. तिने दिलेल्या खुर्चीत मी बसलो नाही. मी तिला एवढेच म्हणालो, "मी त्यांनी लावलेली हरळी जाळून टाकली."

ती हसली नाही, रागावलीही नाही. मला गॅलरीच्या टोकाला घेऊन गेली. तेथे थर्माकोलच्या दोन पेट्या होत्या, बाजारात मासळी ज्यात येते तसल्या, तळाला भोके पाडलेल्या. दोन्हींत बारीक पात्याची हरळी काठोकाठ भरली होती. मी वाकून त्यावर तळवा ठेवला.

"पहिल्याच आठवड्यात आणली होती आप्पांनी. गावाला बी एका घरात ठेवत नाहीत, काका. थोडं शेजाऱ्याकडे देऊन ठेवतात. एकाचं जळलं तर दुसऱ्याचं असतं." मग खाली बघून ती म्हणाली, "साहेब चांगले आहेत, पण घाईचे आहेत, असं म्हणायचे."

मी म्हणालो, तुम्हाला सुतक आहे, घरातले काही बाहेर देणे योग्य नव्हे. दिवस झाल्यावर येईन.

"गवताला कसलं सुतक? न्या तुम्ही. चार दिवस मीच पाणी घालतेय, आणि मला नीट जमत नाही."

तिने पेट्या स्वतः टॅक्सीपर्यंत उतरवल्या. निघताना मी दिव्याला नमस्कार केला. घाडीला मी हयातीत कधी नमस्कार केला नव्हता. तो करी, मी मान हलवी.

घरी येऊन खताच्या दुकानदाराला फोन केला. त्याने सांगितले, चार-पाच दिवस भरपूर पाणी सोडा, खार खाली जाईल, त्यानंतर लावा. आधी लावलेत तर तेही जाईल. मी नळी जमिनीवर टाकली आणि पाणी सुरू केले. मग एक पेटी उचलून दुसऱ्या मजल्यावर गेलो. पाटणकरांनी दार उघडले. माझ्या हातातली मासळीची पेटी पाहून ते दोन पावले मागे सरकले.

"ही माझ्या पत्नीची हरळी आहे," मी म्हणालो. "तुमच्या गॅलरीत राहील. रोज सकाळी अर्धा तांब्या पाणी. अधिक नको."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पेटीकडे पाहिले आणि विचारले, "ऊन कुठलं लागतं, काका?" मला ते ठाऊक नव्हते. मी तसे सांगितले. त्यांनी पेटी दोन्ही हातांनी घेतली.

खाली आलो. दुसरी पेटी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवली, तिच्याखाली परात सरकवली आणि मागचा नळ त्या दिवसापुरता बंद केला.