मामींच्या घरातल्या सात मिती

आधी सरांचं सांगतो, कारण ते नसते तर कुंभकोणममध्ये मला खोली मिळालीच नसती. सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. मराठे तंजावरला आले तेव्हापासून त्यांचं घराणं इकडचं. कॉफीच्या दुकानात मी बायकोशी फोनवर बोलत होतो, तर शेजारचे हे गृहस्थ वळून म्हणाले, "तुम्ही आमच्या भाषेंत बोलतां कीं!" एवढीच आमची ओळख.

मी सांगलीकडचा, आठवीतून शाळा सोडलेला, इथं गलाईच्या, म्हणजे जुनी चांदी वितळवून शुद्ध करायच्या दुकानात कामाला. भट्टी, ॲसिड, धूर. असल्या माणसाला सोवळ्या घरात खोली कोण देणार? आणि शाळा उघडायच्या आत मला बायको-मुलीला आणायचं होतं. सर मला एका घरमालकिणीकडे, मामींकडे, घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "काय काम करतोस, तंबी?" मी हात पाठीमागे लपवले. सर पटकन बोलून गेले, "माझ्या संशोधनात मदत करतो."

खोली मिळाली. पण बाहेर आल्यावर सरांचाच चेहरा उतरला. "खोटें बोललों मी. आतां तें खरें करायास पाहिजे. उद्या संध्याकाळीं ये."

अशा रीतीनं मी गेज्ड सुपरग्रॅव्हिटी नावाच्या सिद्धांतांच्या वर्गीकरणाला लागलो.

मला कळलं ते असं. गुरुत्वाकर्षणाचा एक सिद्धांत आहे, तो अकरा मितींत लिहिलेला. आपल्याला दिसतात चार: लांबी, रुंदी, उंची आणि वेळ. उरलेल्या सात इतक्या बारीक गुंडाळायच्या की दिसूच नयेत. त्या कशा गुंडाळल्या यावर खाली कुठला सिद्धांत उरतो ते ठरतं. सर एकेका सिद्धांताची चिठ्ठी करायचे. नाव वेगळं पण आतून एकच, असे निघाले की मी त्यांची एक जुडी बांधायची. वरच्या अकरा मितींत ज्यांचं मूळ सापडत नाही, ते वेगळे ठेवायचे.

ते मी पहिल्याच दिवशी केरात टाकले. गलाईच्या दुकानात मालक कोण ते कळत नसेल तर चांदी घेत नाहीत. चोरीची निघाली तर पोलीस आमच्या मागे.

सर केरातून चिठ्ठ्या वेचत म्हणाले, "मूळ ठाऊक नाहीं म्हणून कोणी चोर होत नाहीं रे."

महिनाभरानं मामी अचानक खोलीत आल्या. जुड्या बांधायला घरी आणलेल्या चिठ्ठ्या दोरीवर टांगलेल्या. "हे काय?"

मोडक्या तमिळमध्ये मी जमेल तसं सांगितलं. ऐकता ऐकता त्या भिंतींकडे बघायला लागल्या.

"त्या सात कुठं आहेत?"

"इथंच, मामी. सगळीकडे."

"माझ्या घरात? मला न विचारता?"

आता बिऱ्हाड रस्त्यावर, या भीतीनं मी सगळं ओकून टाकलं. "मामी, मी शिकलेला नाही. मी गलाईवाला आहे. सर माझ्यासाठी खोटं बोलले."

"गलाईचं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे," मामी म्हणाल्या. "शर्टाला वास येतो तुझ्या. ते सोड. त्या सातांनी भिंतीला ओल तर येणार नाही?"

"नाही, मामी."

"देवघरातही आहेत?"

"देवळात, गाभाऱ्यातसुद्धा आहेत."

यावर त्यांनी डोळे मिटून हात जोडले. गाभाऱ्यात चालतात म्हणजे सोवळ्यात चालत असणार, असं काहीतरी त्यांनी मनाशी ठरवलं असावं. दारापाशी थांबून म्हणाल्या, "बायको-मुलीला घेऊन ये. पण सात म्हणजे सातच. आठवी आणलेली मला चालणार नाही."

मी शपथ घेतली.

आता मुलगी इथल्या शाळेत जाते आणि मामींशी माझ्यापेक्षा बरं तमिळ बोलते. सरांनी मात्र महाराष्ट्र अजून पाहिलेला नाही. कधीतरी मी त्यांना आमच्या गावी नेणार आहे. आईच्या हातची भाकरी-खर्डा वाढीन, आणि त्यांच्या बोलण्याला कुणी हसलंच तर त्याला तिथल्या तिथं सांगेन, हे माझे सर आहेत.